शस्त्र मागणारा पुत्र

खरिपाची पिके कमरेएवढी झाली की विदर्भातील शेतकऱ्याच्या घरी जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचे वावर लोळवून जातो, रोही तुरीचे शेंडे खुडून नेतात, आणि वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत मातीस मिळते. अशा एखाद्या उपदेशी वासनिकाच्या घरी वडिलांच्या काळापासून पीकसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक भिंतीला टांगलेली असते. घरात बारा वर्षांचा मुलगा असतो. तो बापाबरोबर मचाणावर जातो आणि एके रात्री म्हणतो, “बाबा, एकदा मला धरू द्या ना.” त्याच घरात शाळेच्या छात्रसेनेत नाव घातलेली मोठी मुलगी असते आणि नेमबाजीच्या सरावासाठी तिची निवड झालेली असते. बाप बुचकळ्यात पडतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना अहिंसेची जी कसोटी घालून दिली ती इतकी सूक्ष्म आहे की एका मुंगीलादेखील वैधव्य येऊ नये. त्या मार्गाचे नाव घेणाऱ्याने आपल्या लेकराच्या हाती बंदूक द्यावी काय? आणि द्यायची नसेल, तर मुलीला मैदानावर जाऊ द्यावे काय?

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. “नाही” असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होता येते, परंतु असे उत्तर घरी गेल्यावर टिकत नाही. म्हणून प्रथम शास्त्राकडे वळावे.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात श्रीकृष्णचक्रवर्तींची एक लीळा आली आहे. दुर्योधनाचा पाडाव, रात्रीचा संहार आणि उत्तरेच्या गर्भावरील अस्त्र हे सर्वांच्या स्मरणात असते; पण त्या अस्त्राची पूर्वकथा श्रीकृष्णांनी स्वमुखे सांगितली आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. द्रोणाचार्यांनी प्रसन्न होऊन अर्जुनाला ब्रह्मशिर नावाचे अस्त्र दिले. ते अर्जुनाला मिळाले, हे त्यांच्या पुत्राला साहवले नाही. अश्वत्थाम्याने तेच अस्त्र पित्याजवळ मागितले. आपला पुत्र चंचल आहे हे द्रोण जाणून होते. देताना त्यांचे मन प्रसन्न नव्हते, तरीही त्यांनी दिले. वर बजावले की कितीही मोठे संकट आले तरी हे वापरू नकोस, विशेषतः माणसांवर तर मुळीच नाही. आणि लगेच असेही म्हणाले की तू सज्जनांच्या मार्गावर टिकून राहशील असे वाटत नाही.

येथे क्षणभर थांबावे. ज्या पित्याला आपला पुत्र टिकणार नाही हे ठाऊक आहे, त्याने अस्त्र का दिले? ग्रंथात कारण दिलेले नाही, आणि देण्याचे कारणही नाही. ज्याच्या घरी मूल आहे त्याला ते विचारावे लागत नाही. शेजारच्या मुलाकडे आहे, मग माझ्याकडे का नाही, हा हट्ट द्रोणांच्या घरी तरी कोठे नवा होता? लहानपणी दूध मागणाऱ्या याच पुत्राला इतर मुलांनी पिठाचे पाणी पाजून नाचविले होते, आणि ते पाहून दारिद्र्याने पोळलेला हा ब्राह्मण द्रुपदाच्या दारी गेला होता. पुत्राला काही कमी पडू नये ही पित्याची इच्छा पुढे मोठी झाली आणि अस्त्रापर्यंत पोहोचली. देऊन टाकायचे आणि वर उपदेश करायचा, अशी तडजोड द्रोणांनी केली. उपदेश विरून गेला, अस्त्र तेवढे राहिले.

पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. पांडव वनात असता अश्वत्थामा द्वारकेस आला, यादवांनी त्याचा सत्कार केला, आणि एके दिवशी समुद्रतीरी श्रीकृष्ण एकटे असता त्याने म्हटले की माझे ब्रह्मशिर घ्या आणि तुमचे चक्र मला द्या. श्रीकृष्णांनी राग केला नाही, त्याला उपदेशही केला नाही. तुझे अस्त्र मला नको, माझ्या आयुधांपैकी जे उचलवेल ते घेऊन जा, असे ते म्हणाले. अश्वत्थाम्याने डाव्या हाताने चक्र उचलू पाहिले, ते हलले नाही. उजवा हात लावला, तरी हलले नाही. सारे बळ लावून दमून तो मागे सरला. त्यानंतर श्रीकृष्णांनी विचारले की हे चक्र घेऊन तू कोणाशी युद्ध करणार होतास? त्याने खरे उत्तर दिले. तुमची पूजा करून तुमच्याशीच लढावे आणि अजिंक्य व्हावे, असा माझा विचार होता, असे तो म्हणाला.

या प्रसंगात श्रीकृष्णांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखविली. ज्याच्याहून प्रिय पृथ्वीवर मला कोणी नाही त्या अर्जुनाने कधी हे चक्र मागितले नाही. हिमालयाच्या कुशीत बारा वर्षे तप करून जो पुत्र मिळविला त्या प्रद्युम्नाने मागितले नाही. बलरामाने, गदाने, सांबाने मागितले नाही. ते तू मागितलेस. शस्त्राचा अधिकारी कोण याची एक खूण या वचनात दडलेली आहे. ज्याला ते पेलण्याची पात्रता होती, त्यांच्यापैकी कोणाचा हात त्यासाठी पुढे झाला नव्हता.

यावर आक्षेप असा येईल की अश्वत्थामा त्या वेळी बालक नव्हता, तो जाणता योद्धा होता, तेव्हा ही कथा मुलांना कशी लागू पडते? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यामुळे कथेचा अर्थ दुबळा होत नाही, उलट कठोर होतो. वेदवेदांगे शिकलेला, गुरुपुत्र, रणांगणात मुरलेला असा पुरुषही “घेऊन काय करणार?” या प्रश्नाला नीट उत्तर देऊ शकला नाही. मग ज्याचे दुधाचे दात नुकते पडले आहेत तो काय उत्तर देईल? आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्या हाती दिलेल्या वस्तूची जबाबदारी कोणाची?

योगशास्त्रात हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगितले आहेत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि केल्यावर संमती दिलेली. मुलाच्या हातून जे घडते त्यात पहिला भेद फार थोडा असतो. त्याला मरण म्हणजे काय हेच पुरते कळलेले नसते. दुसरा आणि तिसरा भेद मात्र ज्याने भिंतीवरची बंदूक काढून त्याच्या हाती दिली, ज्याने “शाब्बास” म्हटले, त्याच्याकडे जातात. आपल्या समाजात एरवी मुलाला शिक्षा होते आणि बाप मान खाली घालून उभा राहतो. शास्त्र मुलाकडून बापाकडे बोट वळवते.

अमेरिकेच्या न्यायालयात 2024 साली हेच घडले. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड या गावी 30 नोव्हेंबर 2021 रोजी पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आपल्या शाळेत चार सहाध्यायांना गोळ्या घालून ठार केले. ते पिस्तूल चारच दिवसांपूर्वी त्याच्या बापाने विकत आणले होते. मुलाला शिक्षा झाली हे नवे नव्हते. मात्र माता आणि पिता या दोघांनाही स्वतंत्र खटल्यांत सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरविण्यात आले आणि दोघांनाही किमान दहा व कमाल पंधरा वर्षांची कैद सुनावण्यात आली. द्रोणाचार्यांची कथा तेथे कोणी वाचली नसेल, पण न्यायाधीशांपुढचा प्रश्न तोच होता. मूल चंचल आहे हे दिसत असता तुम्ही दिलेत कसे?

त्या देशाचे उदाहरण घेण्याचे कारण असे की तेथे मुलांनी बंदूक धरणे ही जुनी आणि पुष्कळांना प्रिय अशी चाल आहे. अनेक राज्यांत मोठ्या माणसाबरोबर शिकारीला जाणाऱ्या मुलाला वयाची खालची मर्यादाच नाही. बाप मुलाला पहिल्या हरणाच्या शिकारीला नेतो आणि तो दिवस घरात आठवणीने सांगितला जातो. मुलांच्या हाताला बेतून रंगीत दस्त्याच्या आखूड बंदुका तेथे तयार होतात. अशीच एक बंदूक केंटकी राज्यात एका पाच वर्षांच्या मुलाला भेट मिळाली होती. ती घराच्या कोपऱ्यात ठेवलेली असे. तिच्यात एक गोळी राहून गेली आहे हे घरात कोणाच्या ध्यानी नव्हते. 30 एप्रिल 2013 रोजी त्या मुलाच्या हातून त्याची दोन वर्षांची बहीण गेली. त्या भावाचे पुढचे आयुष्य कसे गेले असेल, हा विचार वाचकानेच करावा. ॲरिझोनात ऑगस्ट 2014 मध्ये नऊ वर्षांची एक मुलगी सहलीसाठी आली असता तिच्या हाती सराव मैदानावर उझी जातीची स्वयंचलित बंदूक देण्यात आली. अशा बंदुकीचा चाप दाबून धरला की गोळ्या एकापाठोपाठ एक सुटतात आणि प्रत्येक गोळीच्या धक्क्याने नळी वर आणि बाजूला उसळते. मोठ्या माणसाच्या मनगटालाही ती आवरताना कष्ट पडतात. मुलीच्या हातून ती निसटली आणि शेजारी उभा असलेला शिक्षकच मारला गेला. मैदान होते, शिक्षक होता, आईबाप पाहत होते. सारी व्यवस्था होती, फक्त हात लहान होते. 2020 सालापासून एक ते एकोणीस वर्षे वयाच्या अमेरिकन मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदूक हे ठरले आहे; त्यापूर्वी ती जागा मोटारींच्या अपघातांची होती.

तिकडच्या पालकांचे म्हणणे मात्र ऐकून घेतले पाहिजे, कारण ते आपल्याकडेही ऐकू येते. ते म्हणतात, मुलाला बंदुकीपासून दूर ठेवले तर त्याचे कुतूहल वाढते. त्यापेक्षा लहानपणीच तिचे नियम शिकविले, भय दाखविले, तर तो जपून वागेल. हे बोलणे पोकळ नाही. विहिरीच्या काठी राहणाऱ्या मुलाला पोहणे शिकविणे हेच शहाणपण, असे आपण मानतोच. परंतु 2001 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांची एक परीक्षा घेतली. ज्या खोलीत ती खेळत होती तेथे निकामी केलेले खरे पिस्तूल खणात लपवून ठेवले होते. ते सापडलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ते हाताळले, कित्येकांनी चापही ओढला. आणि अशा मुलांपैकी बहुतेकांना बंदुकीविषयी सावधगिरीचे धडे आधीच मिळालेले होते. द्रोणांनीही धडा दिला होता. जिभेला पाठ असलेला नियम हात विसरतो. पोहण्यात चूक झाली तर बुडणारा स्वतः असतो आणि बहुधा कोणीतरी उडी घेतो. चाप ओढल्यावर उडी कोण घेणार?

सौप्तिकपर्वातच याचे उत्तर आहे. गंगातीरी व्यासांच्या समोर दोन अस्त्रे एकमेकांवर सुटली. ऋषींनी सांगताच अर्जुनाने आपले मागे घेतले. अश्वत्थाम्याला सोडता आले, परत घेता आले नाही. तो स्वतःच तसे म्हणाला. मग ते कोठे पडले? ज्याने या जगात अद्याप डोळा उघडला नव्हता, त्या उत्तरेच्या गर्भावर. श्रीकृष्णचक्रवर्तींनी तो गर्भ वाचविला म्हणून परीक्षिती झाला. गोळी सुटल्यानंतर तिला परत बोलाविण्याचे सामर्थ्य कोणाच्याही मुलाजवळ नाही.

आता सर्वज्ञांच्या लीळेकडे यावे. ससा धापा टाकीत येऊन स्वामींच्या जानूखाली शिरला ती लीळा आश्रमातले लहान मूलही जाणते. कुत्री येऊन उभी राहिली, मागून पारधी आले, ससा सोडावा म्हणून विनवू लागले. आपण ही लीळा सशाच्या करुणेसाठी ऐकतो, आणि ते योग्यच. पण पारध्यांनी दिलेले कारण बारकाईने पाहावे. ससा पैजेचा होता आणि त्या पैजेपायी सुऱ्या बाहेर निघाल्या होत्या. भुकेसाठी नव्हे, पिकासाठी नव्हे, खेळासाठी ससा धावत होता. आणि तोच खेळ आता माणसामाणसांत सुऱ्या उपसण्यापर्यंत आला होता. मुक्या जीवावर उगारण्याची सवय झालेले शस्त्र माणसाकडे वळायला किती थोडा अवकाश लागतो, हे या एका तपशिलात आले आहे. शरण आलेल्याला येथे मरण नाही, असे स्वामींनी सांगितले, रानातले गवत खाऊन आणि नदीचे पाणी पिऊन राहणाऱ्या जीवांना मारण्यात काय अर्थ आहे ते समजावले, आणि त्या पारध्यांचा तो व्यवहार सुटला. मग जानू उचलून सशाला निरोप दिला, तोही “महात्मा” म्हणून.

मुलाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की हिंसा बहुधा खेळ म्हणूनच हाती येते. गलोलीने साळुंकी पाडणाऱ्या मुलाच्या मनात द्वेष नसतो, नेम असतो. छर्ऱ्याच्या बंदुकीला, ठरावीक शक्तीहून कमी असेल तर, परवानाही लागत नाही. ती जत्रेत फुगे फोडायला असते, आणि घरी आणली की आठ दिवसांत फुगे संपतात व झाडावरचे होले दिसू लागतात. तेथे आईबापांनी हसून दुर्लक्ष केले तर तिसरा भेद, अनुमोदित, तेव्हाच घडून गेला. माकडे आणि पाखरे हाकण्यासाठी नळीत कार्बाइड घालून बार काढण्याची युक्ती शेतकऱ्यांनी काढली. तिचेच खेळणे होऊन 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात मुलांचा भरणा मोठा होता आणि काहींची दृष्टी गेली. शेतातले साधन आणि अंगणातले खेळणे यांमध्ये उंबरठा एकच असतो, आणि तो राखणे मोठ्यांचे काम आहे.

मग छात्रसेनेतल्या मुलीचे काय? येथे उत्तर निराळे आहे, आणि ते निराळे का हे सांगणे आवश्यक आहे. द्रोणांनी राजकुमारांची परीक्षा घेतली तेव्हा झाडावर बांधलेला पक्षी कृत्रिम होता. अचूक नेमाची परीक्षा घेण्यासाठी जिवंत पक्ष्याची आवश्यकता त्या आचार्यांनाही वाटली नाही. आजच्या नेमबाजीचे लक्ष्य कागदाचे वा यंत्राचे असते. पन्नास मीटरवरील बंदुकीच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे असते, आणि त्यासाठी श्वास, नाडी व बोट यांवर जो ताबा मिळवावा लागतो तो एक प्रकारचा निग्रहच आहे. अंजली भागवत छात्रसेनेतूनच या खेळाकडे वळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. या खेळाडूंच्या हातून कोणाही जीवाला ओरखडा गेलेला नाही. मैदानाची शिस्तही पाहण्यासारखी असते. नळी कधी माणसाकडे वळवायची नाही, नेम नसताना कोठी उघडी ठेवायची आणि ती रिकामी असल्याची खूण म्हणून तीत रंगीत दोरी घालायची. हा नियम पाचव्या वेळी मोडणारा खेळाडू पदकाच्या जवळही जात नाही.

आपल्या कायद्यानेही हाच भेद केला आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्र बाळगण्याच्या वयाची मर्यादा प्रथम 16 वर्षे होती. 1983 च्या दुरुस्तीने ती 21 झाली. नेमबाजीच्या शिक्षणापुरती मात्र 12 वर्षे पूर्ण झालेल्यास देखरेखीखाली सवलत आहे. म्हणजे मुलीला मैदानाची वाट मोकळी आहे, मचाणावरच्या मुलाला नाही; तो बाराचा असो वा वीसचा.

तरीही त्या मुलीला मैदानावर धाडण्यापूर्वी आईबापांनी श्रीकृष्णांचा प्रश्न तिला एकदा विचारावा. घेऊन काय करणार? मुलगी म्हणाली की नेम साधणार, स्पर्धेत उतरणार, तर जाऊ द्यावे. ती म्हणाली की मला छेडणाऱ्यांना धडा शिकविणार, तर तिच्यावर रागावू नये; त्या उत्तरामागे काय आहे, कोण तिला त्रास देत आहे, हे आधी पाहावे. बंदुकीचा प्रश्न त्यानंतरचा. आणि संन्यासमार्गाकडे ज्या मुलाची ओढ दिसते, जो आश्रमात राहतो, त्याच्यासाठी मात्र हा खेळही नसावा. हा आचार निराळा आहे आणि तो सौम्य करण्याचे काही कारण नाही.

राहिला बाप आणि त्याची भिंतीवरची बंदूक. वासनिक गृहस्थ पीक राखतो, त्याला संन्याशाच्या मापाने मोजून चालणार नाही. पण ती बंदूक बैठकीच्या भिंतीवर का? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून, हे प्रामाणिक उत्तर आहे. ज्या दिवशी ती भिंतीवरून उतरून कुलुपात जाईल, काडतुसे निराळ्या कुलुपात जातील आणि दोन्ही किल्ल्या बापाच्या कमरेला राहतील, त्या दिवशी मुलाचा अर्धा हट्ट आपोआप संपेल. विजयादशमीला शस्त्रपूजनाच्या निमित्ताने मुलाला नळीवर हात ठेवू देण्याची, छायाचित्रासाठी खांद्याला लावू देण्याची चाल कित्येक घरांत पडली आहे. पंथाला अशा पूजनाचे अगत्य नाही, आणि ज्या वासनिकांच्या घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रीतीने ती शिरली आहे त्यांनी ती निमूटपणे बंद करावी.

आणि जागलीला मुलगा बरोबर आला तर यावा. त्याच्या हाती रॉकेलचा रिकामा डबा द्यावा, काठी द्यावी, विजेरी द्यावी. डुकरांची चाहूल लागली की त्याने डबा बडवावा, ओरडावे, धुऱ्याच्या कडेने उजेड फिरवावा. कळप बहुतेक वेळा तेवढ्यानेच ओढ्याकडे वळतो. मुलगा धापा टाकीत मचाणावर परत येईल, आणि बाप त्याला पांघरूण देऊन म्हणेल, “झोप आता, पुढचा पहारा माझा.”